बादशहाच्या इमारती, दरोग्यांचे हिशेब

१६३७ साली आमेरच्या राजा जयसिंगाला शाहजहान बादशहाचे एक फर्मान आले. हाच जयसिंग पुढे मिर्झाराजे म्हणून पुरंदरच्या तहात आपल्याला भेटतो. फर्मानातली तक्रार साधी होती. राजाची माणसे पाथरवटांना आमेर आणि राजनगर इथे जमा करून आपल्या कामाला लावत होती आणि त्यामुळे मकराण्याच्या संगमरवराच्या खाणीवर माणसे कमी पडत होती. पाथरवटांना अडवू नये, मिळतील तेवढे मकराण्याला पाठवावेत आणि तिथे बादशाही कामावर असलेल्या कारकुनांच्या हवाली करावेत, असा हुकूम होता. त्याआधीही, १६३२ पासून, दगड, पाथरवट आणि भाड्याच्या गाड्या यांच्यासाठी जयसिंगाला फर्माने गेली होती.

ताजमहालावर आजवर जे लिहिले गेले त्यात प्रेम आहे, चांदणे आहे, यमुना आहे. या फर्मानांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. मला मात्र ताजमहाल समजला तो अशाच कागदांतून. दुःख बादशहाचे होते आणि खजिनाही त्याचाच. पण दगड खाणीतून निघतो का, गाड्यांना बैल मिळतात का, पाथरवट दुसऱ्याच्या कामावर पळवले जातात का, याची काळजी बादशहा रोज वाहत नाही. ती वाहायला माणसे नेमलेली असतात. त्या माणसांची नावे बखरकारांनी लिहून ठेवली आहेत, पण आपण ती वाचून पुढे जातो.

१७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपूरला मुमताजमहल गेली. चौदावे बाळंतपण होते. मुलगी, गौहरआरा, वाचली. तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत बेगमेला तात्पुरते दफन केले. डिसेंबरात शहजादा शुजा, हकीम वझीरखान आणि बेगमेची विश्वासू सती-उन-निसा यांच्याबरोबर तिचा देह आग्र्याकडे निघाला. १६३२ च्या जानेवारीत तो पोचला, तेव्हा यमुनाकाठची जागा ठरलेली होती. ती जयसिंगाच्या घराण्याची. राजा ती नजर करायला तयार होता. बादशहाने बदल्यात चार हवेल्या दिल्या. त्या अदलाबदलीचे फर्मान मात्र १६३३ च्या डिसेंबरातले आहे. म्हणजे कागद पुरा होण्याआधी जवळजवळ दोन वर्षे जागा वापरात होती आणि काम चालू होते. बांधकामाच्या धंद्यातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. काम आधी सुरू होते, कागद मागून येतो.

दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो की हे सारे काम मकरमतखान आणि मीर अब्दुल करीम यांच्या देखरेखीखाली झाले. दोघेही गवंडी नव्हते. आराखडा त्यांनी काढला असे कुणी म्हणत नाही. ते कारभारी होते, म्हणजे कामावरचे दरोगे.

मीर अब्दुल करीम जुना माणूस. जहांगीर मांडूला मुक्कामाला येणार होता तेव्हा माळव्याच्या सुलतानांचे पडके महाल राहण्याजोगे करायला त्यालाच आधी पाठवले होते. १६१७ मध्ये जहांगीर तिथे पोचला, काम पाहून खूश झाला आणि आपल्या आत्मचरित्रात त्याने अब्दुल करीमचे नाव आणि खर्चाचा आकडा, ३ लाख रुपये, दोन्ही नोंदवले. अब्दुल करीमला 'मामूरखान' हा किताब मिळाला. पडक्याचे नांदते करणाऱ्याला शोभेल असाच तो आहे. बाप गेला, मुलगा तख्तावर आला, तरी हा माणूस कामावर राहिला. चांगला देखरेख्या दुर्मिळ असतो, हे शाहजहानला ठाऊक होते. तख्तावर येण्याआधीही त्याने पुष्कळ बांधले होते.

मकरमतखानाची गोष्ट मराठी वाचकाच्या अधिक जवळची आहे. मूळचा शिराझचा, नाव मुल्ला मुर्शिद. हिंदुस्थानात येऊन आधी महाबतखानाकडे राहिला, मग बादशाही नोकरीत शिरला आणि दिवाण-ए-बयूतात झाला. हे खाते म्हणजे बादशाही घरखर्चाचे आणि कारखान्यांचे: सोनारांपासून तंबू शिवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा माल, मजुरी आणि जमाखर्च. १६३६ मध्ये शाहजहान दौलताबादेवर येऊन बसला आणि आदिलशहाला वाकवायला विजापुरास वकील पाठवायचा झाला, तेव्हा त्याने याच मकरमतखानाला पाठवले. त्या वर्षीच्या तहात निजामशाही मुघल आणि आदिलशाही यांच्यात वाटली गेली, आदिलशहाने वीस लाखांची पेशकश कबूल केली आणि जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले सोडल्याशिवाय शहाजीराजांना नोकरीत घ्यायचे नाही असेही ठरले. शहाजीराजांच्या आयुष्याला वळण देणारा तह घडवून आणायला गेलेला माणूस हाच, आणि आग्र्याच्या कबरीवर लागणाऱ्या पैशाचा हिशेब पाहणाराही हाच. मुघल दरबाराला ही दोन कामे वेगळ्या जातीची वाटत नव्हती. परक्या दरबारात आपल्या धन्याचा शब्द राखून देणेघेणे ठरवणे आणि खाणमालक, गाडीवान, सराफ, गवंडी यांच्याशी तसेच ठरवणे, दोन्हीला एकच डोके लागते.

काम केवढे होते ते पाहा. नदीकाठची जमीन भुसभुशीत. लाहोरी लिहितो की पाणी लागेपर्यंत पाया खणला आणि दगड-चुन्याने भरून वर आणला. त्यावर ३७४ गज लांब, १४० गज रुंद आणि १६ गज उंच असा चौथरा उभा केला. आजच्या मापाने लांबी ३०० मीटरच्या आसपास. नदीकडून पाहणाऱ्याला हा तांबड्या दगडाचा तट दिसतो खरा, पण त्याच्या पोटात किती वीट आणि चुना गेला आहे याची कल्पना येत नाही. कबरीची इमारतही आतून विटांचीच आहे, संगमरवर बाहेरचा. तांबडा दगड फत्तेपूर सिक्रीच्या बाजूच्या खाणींतून यायचा, ती त्यातल्या त्यात जवळची. संगमरवर मात्र मकराण्याचा, सुमारे ४०० किलोमीटरवरचा, आणि सगळा बैलगाड्यांनी. लाजवर्द बदख्शानाहून. यातली एक वाट बंद पडली की दुसऱ्या टोकाचे कारागीर हातावर हात ठेवून बसतात आणि त्यांचा रोज मात्र चालू राहतो. जयसिंगाला गेलेल्या फर्मानातली घाई मला इथे दिसते. खाणीवर पन्नास हात कमी पडले तर आग्र्यात पाचशे हात रिकामे राहतात. दरोग्याला हे आधी कळते, बादशहाला शेवटी.

आणि घाईला आणखी एक कारण होते. दरवर्षी बेगमेचा उरूस व्हायचा. पहिला १६३२ च्या जूनमध्ये मोकळ्या जागेत तंबू ठोकून झाला. पुढच्या वर्षी, १६३३ ला, कबरीभोवती सोन्याचा मीनाकारी कठडा बसला होता: ४०,००० तोळे सोने, किंमत ६ लाख रुपये. तो बेबदलखानाने आपल्या देखरेखीखाली करवून घेतला होता. मयूरासनाचे कामही पुढे त्याच्याच हाताखाली झाले. म्हणजे इमारत पायातून जेमतेम वर आलेली, भोवती विटांचे ढीग, आणि मध्यभागी सहा लाखांचे सोने. धन्याला दर वर्षी काहीतरी पुरे झालेले दाखवावे लागते. त्यासाठी कुठले काम आधी काढायचे आणि कुठले मागे ठेवायचे, हे ठरवण्यातच देखरेख्याचे निम्मे कसब जाते.

या गर्दीत एकाच माणसाला इमारतीवर आपले नाव घालायची मुभा मिळाली. तो अमानतखान शिराझी, कुराणातल्या आयती दगडावर उतरवणारा सुलेखनकार. सिकंदऱ्याला अकबराच्या कबरीवरचे लेखही त्याचेच. त्याचा भाऊ अफझलखान हा साम्राज्याचा मुख्य दिवाण, पण नुसत्या नात्यावर ही मुभा मिळत नसते. अक्षर कोणाचे हे त्या काळात महत्त्वाचे मानले जाई. १६३९ मध्ये भाऊ गेला, अमानतखानाने नोकरी सोडली आणि अमृतसरजवळ आपल्या पैशाने सराई बांधली. तिच्यावरचे लेख त्याने स्वतःच लिहिले.

ज्याने आराखडा केला त्याचे नाव मात्र ताजवर कुठे नाही. उस्ताद अहमद लाहोरीचे नाव आपल्याला कळते ते त्याच्या मुलाच्या, लुत्फुल्ला मुहंदिसाच्या, फारसी काव्यातून. आणि ते काव्य विसाव्या शतकात अभ्यासकांसमोर येईपर्यंत कोणी उस्ताद ईसाचे, कोणी लाहोरला १६४० मध्ये वारलेल्या जेरोनिमो वेरोनिओ या व्हेनिसच्या जवाहिऱ्याचे नाव पुढे करत होते. रिकामी जागा दिसली की दंतकथा तिथे घुसतात. वीस हजार मजूर आणि बावीस वर्षे हा आकडाही असाच. तो फ्रेंच जवाहिरी तावेर्नियेचा. आपण काम सुरू होताना आणि संपताना पाहिले असे तो म्हणतो, पण तो आग्र्याला पहिल्यांदा आला तो १६४० च्या सुमारास, म्हणजे निम्म्याहून अधिक काम झाल्यावर. कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट तर सरळ खोटी आहे, आणि ती ऐकली की मला राग येतो. ज्या उस्ताद अहमदने हे काम केले त्याच्याच हातून १६३९ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्याचा पाया घातला गेला. त्याच्याबरोबर उस्ताद हमीद होता. कारागिरांचे हात हीच ज्या धन्याची खरी मिळकत, तो ते तोडत नाही. तो त्यांना पुढच्या कामावर नेतो.

दिल्लीत काय झाले ते थोडक्यात सांगतो. देखरेख आधी गैरतखानाकडे होती, काही महिन्यांत त्याची बदली झाली. मग दोनेक वर्षे अलीवर्दीखान. शेवटी ते काम आले मकरमतखानाकडे, आणि १६४८ मध्ये किल्ला पुरा होईपर्यंत त्याच्याकडेच राहिले.

त्याच्या आधी, ६ फेब्रुवारी १६४३ च्या उरुसाला, ताजचा हिशेब बंद झाला होता. लाहोरी खर्चाचा आकडा देतो ५० लाख रुपये आणि मुदत साधारण बारा वर्षे. देखभालीसाठी आग्र्याच्या परिसरातली ३० गावे लावून दिली. त्यांचा वसूल ४० लाख दाम, म्हणजे १ लाख रुपये. शिवाय बाहेरच्या बाजारातल्या दुकानांचे आणि सरायांचे भाडे. मला या व्यवस्थेचे कौतुक घुमटाइतकेच वाटते. पुष्कळ धनी बांधून मोकळे होतात आणि दोन पावसाळ्यांत गवत उगवते. इथे इमारतीच्या पोटापाण्याची सोय तिच्याबरोबरच बांधली होती. त्याच वर्षी कबरीभोवतीचा सोन्याचा कठडा काढून संगमरवराची जाळी बसवली. ती घडवायला दहा वर्षे लागली आणि खर्च आला ५०,००० रुपये. आज आपण पाहतो ती हीच जाळी. सोन्याच्या बाराव्या हिश्श्यात झालेली, आणि सोने असते तर टिकली नसती इतकी टिकलेली.

१६४९ मध्ये मकरमतखान गेला. उस्ताद अहमदही त्याच वर्षी. तीन वर्षांनी, १६५२ च्या डिसेंबरात, दक्षिणेच्या सुभेदारीवर निघालेला शहजादा औरंगजेब आग्र्याला थांबला आणि आईच्या कबरीवर गेला. तिथून त्याने बापाला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ते एका ओव्हरसियरने लिहावे तसे आहे. पावसाळ्यात मोठा घुमट उत्तर बाजूला दोन ठिकाणी गळला. चारही कमानी, वरच्या मजल्याची दालने, छोटे घुमट, सगळीकडे ओल. मशिदीचे घुमटही गळतात. पलीकडच्या काठची मेहताब बाग पुरात बुडाली. गवंडी म्हणतात, वरच्या गच्च्या उकलून नव्याने चुना केला तर त्या सुधारतील, पण मोठ्या घुमटाला काय करावे ते त्यांना सुचत नाही. पन्नास लाखांची इमारत पुरी होऊन दहा वर्षेही झाली नव्हती. औरंगजेबाला इमारतींचे प्रेम नव्हते असे सहज म्हटले जाते. हे पत्र लिहिणाऱ्या माणसाला इमारत पाहायची कशी ते चांगले कळत होते.

पाच वर्षांनी त्याच्यावर बापासारखीच वेळ आली. १६५७ च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत त्याची बेगम दिलरसबानू बाळंतपणानंतर महिन्याभरात वारली. ते मूल म्हणजे शहजादा अकबर, जो पुढे बापाविरुद्ध बंड करून संभाजीमहाराजांच्या आश्रयाला आला. त्या वेळी शाहजहान आजारी होता आणि वारसायुद्ध दाराशी आले होते. दिलरसचा बाप शाहनवाजखान त्या युद्धात औरंगजेबाच्या भावाच्या, दाराच्या, बाजूने लढला आणि १६५९ मध्ये देवराईच्या रणात पडला. खजिना फौजेकडे जात होता. अशा दिवसांत तिच्या कबरीचे काम उभे राहिले आणि १६६०-६१ च्या सुमारास पुरे झाले. तो बीबी का मकबरा. मुलगा आझमशहाने आईसाठी तो बांधला असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते, पण आझमचा जन्म १६५३ चा. मकबरा पुरा झाला तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता. त्या वयाचा मुलगा धनी म्हणून मिरवता येतो, काम करवून घेत नाही.

काम सोपवले गेले अताउल्लाकडे. हा उस्ताद अहमदचा मुलगा, लुत्फुल्लाचा भाऊ. अताउल्ला गणिती होता. १६३४-३५ मध्ये, म्हणजे ताजचे काम ऐन भरात असताना, त्याने भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर करून ते शाहजहानला अर्पण केले होते. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा, त्यांच्या नातवाने कोरवलेला शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. मकबऱ्यापासून ते ठिकाण काही फार दूर नाही. अताउल्ला तिथे गेला असे मी म्हणत नाही. पण ज्या गणिताची मुळे या भूमीत आहेत ते डोक्यात घेऊन आलेला माणूस इथे घुमटाची मापे धरत होता, हे मला विसरता येत नाही. त्याचा भाऊ लुत्फुल्ला १६५९ मध्ये उस्ताद हमीद, जादूराय आणि शिवराम यांच्यासह मांडूला गेला होता. होशंगशहाच्या संगमरवरी कबरीला ते मान द्यायला गेले, असे तिथल्या दारावरचा त्यांचाच लेख सांगतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या अनाम कारागिरांचे काम पाहायला नामांकित कारागीर मुद्दाम वाट वाकडी करतात, ही त्या पेशाची आपसातली ओळख.

मकबऱ्याच्या खर्चाचा आकडा गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनामा'त दिलेला आहे: ६,६८,२०३ रुपये ७ आणे. त्याच्याशेजारी बेबदलखानाचा सोन्याचा कठडा ठेवा. आग्र्यात कबरीभोवतीच्या कठड्याला जेवढे लागले, साधारण तेवढ्यात अताउल्लाला अख्खा मकबरा उभा करायचा होता: बाग, कारंजी, तट, चार मिनार, घुमट, सगळे धरून. ताजशी तुलना करून मकबऱ्याला 'गरिबाचा ताज' म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे पाहिलेले नसतात.

पैसा कुठे घातला आणि कुठे वाचवला हे इमारतीवरच वाचता येते. जोत्यापासून माणसाच्या डोळ्यांसमोर येतो तेवढा भाग संगमरवराचा. घुमट संगमरवराचा, कारण लांबून तोच दिसतो. मधली सगळी भिंत आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाची, वर घोटलेला पांढरा चुन्याचा गिलावा आणि त्यात उठावाची नक्षी. काळा दगड हाताशी होता, त्याला शेकडो कोसांवरून आणायचे नव्हते. संगमरवर मात्र लांबूनच आला. तावेर्निये सांगतो की औरंगाबादेजवळ त्याला संगमरवराने लादलेल्या तीनशेवर गाड्या भेटल्या आणि त्यातल्या सगळ्यात लहान गाडीलाही बारा बैल होते. निम्म्याहून अधिक भिंत गिलाव्याची करूनही एवढ्या गाड्या लागल्या, तर सगळाच संगमरवर घालायचा ठरला असता तेव्हा वर्षे किती लागली असती आणि तेवढी वर्षे तो नवा बादशहा थांबला असता का, याचा विचार अताउल्लाने केलाच असणार.

मिनार आणि मधली इमारत एकमेकांच्या फार जवळ आली आहेत, घुमटाचा भार खालच्या इमारतीला पेलत नाही असे वाटते, हे आक्षेप खरे आहेत. ते मलाही खटकतात. पण गिलाव्यावरची नक्षी जवळून पाहिली की वाटते, हा हात दुय्यम कारागिराचा नव्हे. आणि आत गेल्यावर अष्टकोनी सज्जातून खाली, जाळीच्या कुंपणातल्या कबरीकडे पाहायची योजना ताजपेक्षा वेगळी आहे. नुसती नक्कल करणाऱ्याला ती सुचली नसती.

ताजने जे दिले नाही ते या कामाने आपल्या माणसांना दिले. मुख्य दरवाज्याच्या पितळी पत्र्यावर दोन नावे कोरलेली आहेत. एक अताउल्लाचे, आराखडा करणाऱ्याचे. दुसरे हंसपतरायाचे, बांधकाम करवून घेणाऱ्या अभियंत्याचे. आत शिरणारा प्रत्येक जण बेगमेच्या कबरीपर्यंत पोचण्याआधी या दोघांच्या नावांजवळून जातो.